परदेशी प्रयोगशाळेत कामाला निघताय? या चुका टाळा

निमंत्रणाची ईमेल येताच तिकीट काढणारे अजूनही भेटतात. तिकीट सगळ्यांत शेवटी काढायचं.

ब्रिटनच्या बाबतीत सर्वाधिक घात होतो तो अ‍ॅटॅसच्या, म्हणजे संवेदनशील संशोधनासाठीच्या ब्रिटिश सरकारच्या मंजुरी-प्रमाणपत्राच्या अर्जात. संवेदनशील विषयांत काम करणाऱ्या भारतीय संशोधकांनाही मे २०२१ पासून हे प्रमाणपत्र लागतं आणि व्हिसाच्या अर्जाला ते जोडावं लागतं. फी नाही, म्हणून लोक ते हलक्यात घेतात. त्यातला संशोधनाचा परिच्छेद यजमान संस्थेकडून घ्यायचा असतो. ग्वाल्हेरच्याच एका रसायनतज्ज्ञाने घाईत तो स्वतःच लिहिला: ‘विषारी रसायनांचं विश्लेषण’. यजमानांच्या पत्रात होतं, ‘पाण्यातल्या ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांचे अवशेष, जीसी-एमएसवर’ (मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखणारं उपकरण). दोन्ही खरंच, पण तपासणाऱ्याला दोन निराळे प्रकल्प दिसले. खुलासे मागवले गेले, रुजू व्हायची तारीख उलटली, जागा दुसऱ्याला गेली. मोघम लिहिलं की सुरक्षित, हा समज डोक्यातून काढा. मोघमपणानेच शंका येते. यजमानांचा मजकूर मी एका फाइलीत ठेवायला लावतो. अ‍ॅटॅस, व्हिसा, खात्याची मंजुरी, सगळीकडे तोच, शब्दशः. पदार्थ, उपकरण, पद्धत नावानिशी. विषय बदलला तर प्रमाणपत्र नवं. आणि फॉर्म एजंटकडून भरून घेऊ नका. जीसी-एमएस म्हणजे काय हे त्याला कुठून कळणार?

दुसरी चूक खर्चाची. राहणं-जेवण यजमान देणार असतील, तर सरकारी नोकराला एफसीआरएच्या (परदेशी देणग्या आणि पाहुणचार यांवरच्या कायद्याच्या) कलम ६ खाली गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. फॉर्म एफसी-२, ऑनलाइन, निघण्याच्या किमान २ आठवडे आधी; सोबत निमंत्रणपत्र आणि खात्याची मंजुरी. विदेश मंत्रालयाची राजकीय मंजुरी वेगळी. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळालीच, असं धरून चालू नका. २ आठवडे ही नियमातली किमान मुदत आहे, आरामात बसायची नव्हे.

स्कोमेट यादी, म्हणजे निर्यातीवर सरकारी नियंत्रण असलेल्या वस्तू आणि तंत्रज्ञानाची भारताची यादी, न वाचता डेटा पाठवू नका. नियंत्रित तंत्रज्ञान ईमेलने गेलं तरी ती निर्यातच. लॅपटॉप कोरा न्या.

अमेरिकेच्या व्हिसाचे बोटांचे ठसे आणि मुलाखत दिल्लीत सहसा वेगवेगळ्या दिवशी असतात. पहाटेच्या गाडीने जाऊन रात्री ग्वाल्हेरच्या लष्कर भागात परत यायचा बेत करू नका.

अमेरिकेच्या जे-१ (एक्स्चेंज) व्हिसावर जाताना पैसा सरकारी असेल, मग तो आपल्या सरकारचा का असेना, तर २ वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू शकते. तिथेच नोकरी पाहू म्हणणाऱ्यांनी डीएस-२०१९ वर (या व्हिसासाठी यजमान देतात त्या फॉर्मवर) सही करण्यापूर्वी ती वाचावी.