रिमॅपनंतरची ताकद मोजताना
टर्बो पेट्रोल गाडीचा ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) रिमॅप केल्यावर, म्हणजे त्याच्या सेटिंग्ज बदलल्यावर, 'इतके हॉर्सपॉवर वाढले' हा दावा तसाच मान्य करू नका. आधी आणि नंतर, एकाच डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), एकाच गिअरमध्ये, तेच इंधन टाकून मोजा. कंपनीचा आकडा क्रँकचा, म्हणजे थेट इंजिनच्या शाफ्टवरचा असतो, रोलर डायनो चाकांवरची ताकद मोजतो. त्यांची थेट तुलना करून वाद घालणं व्यर्थ. लागोपाठ तीन-चार रन घ्या. इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) तापला की आत जाणारी हवा गरम होते, नॉक (सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका) टाळायला ईसीयू इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि पहिल्या रनमधली वाढ बरीचशी विरते. माझ्या मते शेवटच्या रनचाच आकडा धरावा. बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब), टायमिंग आणि एअर-फ्युएल रेशो (हवा-इंधनाचं प्रमाण) यांचे लॉगही, म्हणजे रनमधल्या नोंदीही मागा; ते द्यायला कां-कूं करणाऱ्या ट्यूनरच्या हाती गाडी देऊ नका.