अथांग अंतराळ आणि चार जणांचे यान: सुपरहिरोची ॲनिमेटेड मालिका कशी लिहावी

अंतराळात घडणारी सुपरहिरोची ॲनिमेटेड मालिका लिहायला बसणाऱ्यापुढची पहिली अडचण म्हणजे जागेचा सुकाळ. ग्रह हवे तितके, प्राणी हवे तसे आणि नायकाच्या हातात शक्तीही हवी तेवढी. या मोकळेपणाच्या भरात पहिल्या दोन-तीन भागांतच चार ग्रहांची राखरांगोळी होते आणि पाहणाऱ्याला त्यांपैकी एकाचेही वाईट वाटत नाही. म्हणून अंतराळकथेची तंत्रे म्हणजे मुख्यतः हा अफाट पसारा आवळून हाताच्या ओंजळीत आणण्याची तंत्रे आहेत, असे माझे ठाम मत आहे. आणि ती शिकण्यासाठी ‘ग्रीन लँटर्न: द ॲनिमेटेड सिरीज’ ही २६ भागांची मालिका समोर ठेवावी, असे मी प्रत्येक नवोदित पटकथाकाराला सांगतो. कार्टून नेटवर्कवर तिचा आरंभ नोव्हेंबर २०११ मध्ये झाला आणि मार्च २०१३ मध्ये ती संपली. पुढे तिचे कथानक शेवटासकट येणार आहे, तेव्हा ज्यांना ती आधी पाहायची असेल त्यांनी ती पाहूनच पुढे वाचावे.

सुरुवात मदतीचे दोर कापण्यापासून करावी. ग्रीन लँटर्न हा एकटा नायक नव्हे. विश्वाच्या कानाकोपऱ्यांत पहारा देणारे हजारो लँटर्न आहेत, ओआ नावाच्या ग्रहावर त्यांचे मुख्य ठाणे आहे आणि त्यांच्यावर हुकमत चालवणारे गार्डियन्सही तिथेच असतात. हाक मारताच एवढी फौज धावून येणार असेल, तर नायकाच्या जिवाची काळजी कोणी का करावी? मालिकेने हा प्रश्न पहिल्याच भागात निकालात काढला. दूरच्या सीमेवर लँटर्न मारले जात आहेत, हे कळताच मालिकेचा नायक, ग्रीन लँटर्न हॅल जॉर्डन आणि त्याचा धिप्पाड सहकारी किलोवॉग गार्डियन्सची परवानगी न घेता एक नवे, अतिवेगवान यान पळवतात आणि अशा ठिकाणी पोहोचतात की जिथे लँटर्नांना शक्ती देणाऱ्या नुसत्या अंगठीच्या बळावर वेळेत पोहोचणे कोणालाच शक्य नाही. आता जे काही आहे ते यानातच आहे. आपली कथा लिहितानाही पहिल्या पानावर एवढेच नोंदवावे की नायकाला कोण मदत करू शकेल आणि त्याला यायला किती दिवस लागतील. इथे प्रकाशवर्षे लिहू नयेत, कारण प्रकाशवर्षांचा अंदाज कोणालाच येत नाही. ‘मदत यायला सहा महिने’ म्हटले की लहान मुलालाही पोटात गोळा आल्यासारखे वाटते.

त्यानंतर शक्तीचा नियम ठरवावा, आणि यावर मात्र घाई न करता चांगले आठ-दहा दिवस घालवावेत. ग्रीन लँटर्न हे नाव कॉमिक्समध्ये १९४० सालापासून आहे, तर हॅल जॉर्डन १९५९ मध्ये आला. जुन्या कथांमध्ये त्याची अंगठी पिवळ्या रंगापुढे निष्प्रभ ठरत असे आणि दर २४ तासांनी कंदिलाला लावून ती भरून घ्यावी लागे. यांतला दुसरा नियम उत्तम आहे, कारण तो कथेत घड्याळ आणतो. पहिला मात्र मला नेहमीच लंगडा वाटत आला आहे. लेखकाला अडचण हवी असली की खलनायकाने एखादी पिवळी वस्तू पुढे करायची, एवढेच त्यातून साधते. नायकाच्या मनाचा त्यात काहीच संबंध येत नाही. पुढे कॉमिक्समध्ये रंगांना भावनांशी जोडले गेले: हिरवा निर्धाराचा, लाल संतापाचा, पिवळा भीतीचा, निळा आशेचा, जांभळा प्रेमाचा. ही मालिका याच कल्पनेवर उभी आहे. हा बदल झाला आणि नायकाची दुखरी जागा त्याच्या आत गेली. निर्धार डळमळला की अंगठी मंदावणार, म्हणजे प्रत्येक मारामारी ही त्या माणसाच्या मनाची परीक्षा झाली.

आपला नियमही असाच एका वाक्यात लिहावा आणि त्या वाक्यात माणसाच्या मनाशी निगडित असा एक तरी शब्द असावा. उदाहरणादाखल एक नियम घेऊ: नायिकेच्या हातातली ढाल ती खरे बोलत आहे तोवरच टिकते. आता एक ग्रह घ्या, ज्याचा सूर्य विझत चालला आहे. लोक शेवटच्या यानात चढत आहेत आणि वरून कोसळणारे दगड नायिकेने ढालीवर झेलून धरले आहेत. तिच्या पायाशी सात-आठ वर्षांची एक मुलगी उभी आहे. मुलीचे वडील मागे राहिलेल्यांना आणायला गेले आहेत आणि ते परत येणार नाहीत, हे नायिकेने दहा मिनिटांपूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. मुलगी विचारते, ‘‘बाबा येतील ना?’’ आजवर नायिकेने अशा वेळी प्रत्येकाला धीर दिलेला आहे. ती ‘हो’ म्हणायला तोंड उघडते आणि ढालीच्या कडेला बारीकशी चीर जाते. तिच्याजवळ आता तीन वाटा आहेत: खोटे बोलून यान गमवायचे, खरे सांगून त्या मुलीचे काळीज फाडायचे, किंवा गप्प राहायचे, आणि गप्प राहिली तर ते मौनही खोटेच ठरेल की काय, हे तिला ठाऊक नाही. दगड किती मोठे आहेत याला आता महत्त्व उरत नाही. पाहणाऱ्याची नजर त्या मुलीच्या तोंडाकडे लागलेली असते. नियम चांगला आहे की नाही, हे तपासण्याची कसोटी हीच: त्यातून असा एखादा प्रसंग विनासायास निघतो का, ते पाहावे. निघत नसेल तर नियम बदलावा, प्रसंगाची ओढाताण करू नये.

यानात कोण असावे, हा पुढचा प्रश्न. सगळेच मित्र असतील, तर दोन ग्रहांमधला प्रवास रटाळ होतो. ब्रूस टिम, जानकार्लो व्होल्पे आणि जिम क्रिग यांच्या चमूने या मालिकेसाठी दोन पात्रे नव्याने घडवली, आणि मालिकेचा जीव त्या दोघांतच आहे. त्यांपैकी रेझर हा शत्रूच्या गोटातला, संतापावर चालणारी लाल अंगठी घातलेला तरुण. एका ग्रीन लँटर्नच्या मृत्यूला तो कारणीभूत ठरला आहे. तो पकडला जातो आणि हळूहळू याच यानाचा सोबती होतो. इथली रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. रेझरची शक्ती रागातून येते. त्यामुळे मित्रांना वाचवायचे असेल तर ज्या रागाने त्याचे वाटोळे केले, तोच त्याला पुन्हा पेटवावा लागतो. त्याच्या रागाचे मूळ, म्हणजे युद्धात मारली गेलेली त्याची पत्नी इलाना, लेखकांनी लगेच पुढे आणलेले नाही. आधी त्याचा अबोला दिसतो, मग तुसडेपणा, मग एखाद्या साध्या प्रश्नावर त्याचे एकदम पेटून उठणे, आणि कारण त्यानंतर कळते. नव्या लेखकाची चूक नेमकी इथे होते. पात्राविषयी सहानुभूती मिळावी म्हणून तो त्याचे दुःख पहिल्याच भागात सांगून टाकतो, आणि मग पुढच्या बारा भागांत त्या पात्राजवळ सांगण्यासारखे काही उरत नाही. क्षमेचेही तसेच आहे. किलोवॉगचा संशय एका भागात फिटत नाही, आणि फिटला असता तर तो खोटा वाटला असता.

खलनायकाविषयी एकच गोष्ट सांगतो, पण ती सांभाळावीच: त्याची तक्रार खरी असावी. लाल लँटर्नांचा प्रमुख ॲट्रोसिटस कितीही क्रूर असला, तरी त्याच्या लोकांचा संहार खरोखरच झालेला आहे, आणि तो गार्डियन्सनी घडवलेल्या मॅनहंटर नावाच्या यंत्रमानवांकडून झालेला आहे. गार्डियन्सनी हे पाप झाकून ठेवले. हॅलला ते कळते तेव्हा आपण कोणाची शपथ वाहतो आहोत, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. शत्रूच्या म्हणण्यातला खरेपणा आणि त्याच्या उपायातला खोटेपणा या दोन्ही गोष्टी कागदावर शेजारी शेजारी मांडून ठेवल्या, तर संवाद लिहिताना तोल जात नाही.

आता नव्याने घडवलेल्या दुसऱ्या पात्राविषयी, आयाविषयी, थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. आया ही मुळात यानाचा मेंदू, म्हणजे एक आवाज. नंतर ती स्वतःसाठी शरीर घडवते, आणि तिचा चेहरा रेझरच्या मृत पत्नीसारखा असल्याचे आपल्याला कळते. ज्या चेहऱ्याच्या आठवणीने रेझर जळतो आहे, तोच चेहरा यानात वावरतो, त्याला निर्विकारपणे प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नांतून भावना शिकू लागतो. लेखकांनी हे किती धीराने केले आहे, ते पाहावे. सुरुवातीला तिच्या तोंडी केवळ माहिती असते. मग एखादे निरीक्षण येते, मग एखादी शंका, मग हट्ट. एका भागात एकच पायरी. मालिकेच्या दुसऱ्या अर्ध्यात ती रेझरवर प्रेम करू लागते, पण तिच्यात आपल्याला इलानाच दिसते या अपराधाच्या जाणिवेने रेझर तिला नाकारतो. वेदना असह्य झाल्यावर आया एक असा निर्णय घेते जो माणसाला घेता येत नाही: ती स्वतःच्या भावना बंद करते. तिथून पुढे ती सगळ्या विश्वाची वैरी होते, आणि भावना हेच दुःखाचे मूळ असेल तर ते काळाच्या आरंभापासूनच उपटून टाकावे, या निष्कर्षापर्यंत जाते. तिचे तर्कशास्त्र कुठेही चुकत नाही, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो.

यातले तंत्र असे की, ज्या गुणामुळे पाहणाऱ्याने त्या पात्रावर जीव लावला, त्याच गुणातून संकट उभे करावे. आयाची शिकण्याची ओढ आपल्याला गोड वाटत होती. तिने दुःखही तितक्याच निष्ठेने शिकून घेतले. बाहेरून आणलेल्या कोणत्याही राक्षसाला ही धार येत नाही. मालिकेतही अँटी-मॉनिटर नावाचा महाकाय शत्रू येतो, पण तो आपल्याला फारसा आठवत नाही. त्याला दूर सारून आया त्याची जागा घेते, तेव्हा मात्र पोटात कालवते. हे साधायचे असेल, तर मालिकेच्या शेवटाची टिपणे आधी काढावीत आणि मग प्रत्येक भागात त्या पात्राला केवळ एक ओळ द्यावी. ओळी कमी असल्या तरी चालतील, पण त्यांचा क्रम चुकता कामा नये.

मधल्या भागांसाठी नवे नवे ग्रह लागतात, आणि तिथे वाहवत जाण्याचा धोका असतो. कीर्तनकार कितीही आख्याने सांगत फिरला तरी निरूपणाला घेतलेल्या मूळ अभंगाकडे परत येतो, तसे प्रत्येक ग्रहाने मालिकेच्या मूळ प्रश्नाकडे परत यायला हवे. या मालिकेत मोगोचा भाग तसा आहे: ज्या लँटर्नचा शोध घेत सगळे एका घनदाट ग्रहावर उतरतात, तो लँटर्न म्हणजे तो ग्रहच असतो. चमत्कार म्हणून तो सुंदर आहेच, पण निर्धार हा माणसाच्या आकारातच असतो का, हा प्रश्नही तो मागे ठेवतो. आणि तोच प्रश्न यानात आयाच्या रूपाने आधीपासून फिरतो आहे. काही भाग निव्वळ मौजेचे आहेत. तेही असावेत, फार नसावेत.

चित्रांविषयी थोडे. ही मालिका संगणकावरच्या त्रिमितीय चित्रांची आहे, आणि अशा ॲनिमेशनमध्ये प्रत्येक नवे पात्र, प्रत्येक नवी खोली आधी घडवावी लागते. म्हणून संहितेत ‘हजारोंचा जमाव’ असे दोन शब्द लिहिण्यापूर्वी लेखकाने त्यामागचे काम आठवावे. मोजकी पात्रे आणि एकच यान ही निवड कथेइतकीच कामाच्याही सोयीची असते. रंग मात्र फुकट मिळतो, तेव्हा त्याचा पुरेपूर उपयोग करावा. काळ्या पोकळीत चेहऱ्यावर हिरवा उजेड पडला की लाल, यावरून कोण जवळ आले हे संवादाविना कळते. शिवाय पोकळीत आवाज पोहोचत नाही. स्फोटांचा गडगडाट सगळेच वापरतात आणि त्याला माझी हरकत नाही, परंतु संपूर्ण हंगामात एकदा, अगदी एकदाच, सर्वांत मोठ्या आघाताच्या वेळी आवाज पूर्ण काढून घ्यावा.

राहता राहिला शेवट. २६ भागांची ही मालिका तेरा-तेरा भागांच्या दोन मोठ्या कथांत विभागलेली आहे: पहिल्या अर्ध्यात लाल लँटर्नांशी झुंज, दुसऱ्यात मॅनहंटर, अँटी-मॉनिटर आणि आया. मालिका पुढे चालली नाही, तरीही ती अर्धवट वाटत नाही, याचे श्रेय या विभागणीला आहे. आपली मालिका कधी थांबवली जाईल हे लेखकाच्या हातात नसते, म्हणून दर तेरा भागांना एक खरा शेवट लिहून ठेवावा आणि त्यात एक फट ठेवावी. अखेरच्या भागात आयाच्या हातून रेझर जखमी होतो, तो धक्का तिला भानावर आणतो, आणि मॅनहंटरांचा नाश करण्यासाठी ती स्वतःचेही अस्तित्व पुसून टाकते. तिचा काही अंश कुठेतरी उरला असेल या विश्वासाने रेझर एकटाच निघून जातो. तो दूर गेल्यावर पडद्यावर एक निळी अंगठी येते आणि त्याच्या मागोमाग जाऊ लागते. निळा रंग आशेचा, हे पाहणाऱ्याला कितीतरी भाग आधीच सांगून झालेले आहे. म्हणूनच इथे कोणालाही काही बोलावे लागत नाही. हे दृश्य लिहून झाल्यावर त्याखाली एखादे वाक्य घालण्याचा मोह होईल. ते घालू नये.