गोल्डन बॅरल निवडुंगाची लोकर खरवडू नका: या चुका टाळा

पावसाळा लागला की परभणीतल्या ओळखीपाळखीच्यांचा हमखास फोन येतो: ‘निवडुंगाच्या डोक्यावर बुरशी धरलीय, काय फवारू?’ काही फवारू नका. गोल्डन बॅरल, म्हणजे पिवळ्या, टणक काट्यांचा गोल निवडुंग; त्याच्या शेंड्यावर पिवळसर पांढरी लोकर असतेच. नवे काटे तिच्यातूनच वर येतात, आणि बऱ्याच वर्षांनी झाड फूटभराहून रुंद झालं की पिवळी फुलंही तिथूनच उमलतात. माझ्या पहिल्या झाडाची लोकर मी टूथब्रशने घासून काढली. कोवळे काटे वाकडे झाले. झाड वाढत गेलं तसे ते शेंड्यावरून बाजूला सरकले, पण अजून वाकडेच आहेत.

काळजी करायची ती पिठ्या ढेकणाची, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीची. ती उभ्या धारांमधल्या खोबणीत सापडते. पांढरे ठिपके, दाबले की चिकट, आणि कुंडीशी मुंग्यांची ये-जा. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपून घ्या.

दुसरी घबराट बुडाच्या तपकिरी सालीची. पेन्सिलीच्या बोथट टोकाने दाबून बघा. टणक लागली तर ते वय आहे. खालचे जुने काटे फिके पडतात, तेही वयानेच. बोट रुतावं तशी मऊ लागली तर मात्र मूळकूज. या झाडाला पिल्लं क्वचितच फुटतात, त्यामुळे ते गेलं की मागे काही उरत नाही.

आणि कूज येते आपल्या काळ्या मातीमुळे. कापसाला ती सोन्यासारखी, पण कुंडीत पाणी धरून बसते. हे झाड मूळचं मेक्सिकोतल्या केरेतारो आणि हिदाल्गोच्या खडकाळ उतारांवरचं. 1990 च्या दशकात सिमापान धरणाच्या पाण्याखाली तिथली पुष्कळ झाडं गेली. जायकवाडीच्या काठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. एक भाग माती, दोन भाग जाड वाळू आणि विटांचे तुकडे घ्या. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली ठेवा.

काटे पिवळे, पण हाताला मऊ लागतात? मग तो गोल्डन बॅरल नव्हेच, तो पॅरोडिया लेनिंगहाउसाय, ब्राझीलचा वेगळा निवडुंग. त्याचा शेंडा उजेडाकडे कलतो, ती त्याची ठेवणच आहे. सरळ करायला कुंडी फिरवत बसू नका.

नर्सरीतल्या हिरव्या जाळीखालून आणलेलं झाड एप्रिलमध्ये थेट गच्चीवर ठेवू नका. दोन दिवसांत नैर्ऋत्येकडची बाजू वाळल्या गवतासारखी पडते आणि तो डाग भरून येत नाही. आधी पंधरा-वीस दिवस फक्त सकाळचं ऊन द्या, आणि मे महिन्यात दुपारी जाळी ओढा.