कामाच्या दुसऱ्या पाळीआधी फोनमध्ये काय काय करून ठेवायचं

भाचीला गोव्यात वेर्ण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली, राहायला ती आमच्याकडे पर्वरीला आली आणि पहिल्याच महिन्यात दुसरी पाळी, म्हणजे सेकंड शिफ्ट. अकराला सुटते, कंपनीची बस बाराच्या आसपास महामार्गावर सोडते. उड्डाणपुलाच्या कामामुळे बस आज एका ठिकाणी, तर उद्या चांगली लांब जाऊन थांबते. तिच्या आईने साखळीहून फोन केला, "ते सेफ्टीचं ॲप घातलंस ना गो तिच्या मोबाइलात?" घातलं होतं. पण रविवारी दोघी जेवून निवांत बसलो तेव्हा कळलं, ॲप घालणं दोन मिनिटांचं काम होतं, खरी कामं पुढेच होती.

आधी फोनचं बटण. केंद्राच्या २०१६ च्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०१७ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये आणीबाणीचं बटण असावंच लागतं. साध्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण भराभर दाबायचं. कितीदा, ते आपल्या फोनवर बघून घ्यायचं: भाचीच्या अँड्रॉइडवर पाचदा, माझ्या आयफोनवर तीनदा. सेटिंगमध्ये 'इमर्जन्सी' शोधलं की सापडतं, आणि बऱ्याच फोनांत ते चालू करून द्यावं लागतं. हा फोन ११२ ला लागतो. तिथे पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका अशी तिन्ही मदत एकाच नंबरावर मिळते. गंमत म्हणून तो लावून बघायचा नाही. फोनमध्येच सरावाची सोय असेल तर ती वापरायची. चुकून लागलाच तर घाबरून कट करू नये, "चुकून लागला, मी ठीक आहे" एवढं सांगून ठेवावा.

मग '११२ इंडिया' हे सरकारी ॲप. नाव, वय, घरच्यांचे नंबर भरायचे. त्यात बायका-मुलांसाठी 'शाउट' नावाची सोय आहे, तिने जवळपासच्या नोंदणी केलेल्या स्वयंसेवकांनाही हाक जाते. मी भर देईन तो परवानग्यांवर. लोकेशन 'नेहमी' वर हवं आणि बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगमधून हे ॲप वगळलेलं हवं, नाहीतर चार दिवस न उघडलेलं ॲप फोन स्वतःच झोपवून टाकतो. दिल्लीच्या २०१२ च्या निर्भया घटनेनंतर अशा ॲपांचं पीकच आलं होतं. घेण्याआधी ते शेवटचं कधी अपडेट झालंय आणि चालतं कुठे ते बघावं. दिल्ली पोलिसांचं २०१५ चं 'हिम्मत' दिल्लीसाठी होतं, म्हापशाच्या बसस्टँडवर त्याचा काय उपयोग?

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं इथेच आमचं हसं झालं. भाचीला म्हटलं, या आठवड्यात कधीही, न सांगता, फक्त आम्हा घरच्यांना धोक्याचा मेसेज पाठव. गुरुवारी बस जुवारीच्या पुलावर असताना तिने पाठवला. माझा फोन स्वयंपाकघरात मिक्सरमागे, आवाज बंद. तिच्या काकांचा उशाशी चार्जिंगला, 'डू नॉट डिस्टर्ब' लावलेला. मी मेसेज बघितला अर्ध्या तासाने, आणि नकाशावरचा ठिपका अजून जुवारीच्या पाण्यातच. छातीत धस्स झालं. तेवढ्यात दाराची बेल वाजली आणि बाईसाहेब समोर उभ्या. ठिपका हलत नव्हता, कारण तिने एकदाच पाठवायचं लोकेशन पाठवलं होतं. व्हॉट्सॲपवर 'लाइव्ह' निवडावं लागतं, १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास. आम्ही १ तास ठरवला, बस कुठ्ठाळीला आली की लावायचा.

त्या रात्रीच तिघांनी बसून बदल केले. तिचा नंबर आमच्या फोनांत असा ठेवला, की आवाज बंद असला तरी वाजेल. रिंगटोन घुमटाची, म्हणजे आमच्या गोव्याच्या त्या वाद्याची. शेजारणीची झोप एकदा मोडली, पण मोडू दे. मेसेजनंतर लगेच कॉलही करायचा. कुणी काय करायचं तेही ठरलं: काका स्कूटर काढणार, ११२ ला मी लावणार. पहिला नंबर माझा, दुसरा गल्लीतल्या शेजारणीचा. आईचा तिसरा, यावर बहीण रुसली. पण साखळीहून पोचायला तिला तास लागेल, शेजारणीला दोन मिनिटं. आणि रिचार्जमध्ये एसएमएस आहेत का ते बघावं, धोक्याचा मेसेज बऱ्याचदा साध्या एसएमएसनेच जातो.

जागा सांगायचा सरावही हवा. आमच्याकडे पत्ता म्हणजे अमका खुरीस (क्रूस), तमका वड आणि ऑम्लेट-पावचा गाडा. ते गावकऱ्याला कळतं, कंट्रोल रूमला कळेलच असं नाही. म्हणून आधी गाव आणि तालुका, मग खूण, मग काय झालं. महाराष्ट्राच्या सीमेवर पत्रादेवीकडे फोन पलीकडचा टॉवर पकडतो, तिथे "गोव्यातून बोलतेय" हे आधी. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरात रेंज जाते, तिकडे निघण्याआधीच कुठे आणि परत कधी ते कळवून जायचं.

एक कडू गोष्टही यादीत हवी. लोकेशन कायमचं कुणाला दिसतंय ते महिन्यातून एकदा तपासायचं. गूगल मॅप्समध्ये ती यादी दिसते. भाचीच्या यादीत कॉलेजातली एक जुनी 'मैत्री' निघाली, दोन वर्षं चालू. तिचा चेहराच उतरला. काढून टाकलं. मीही तिला आठ-आठ तास बघत बसत नाही. काळजी आणि पाळत यात फरक आहे, आणि मावशी असले तरी तो मला लागू होतो.

बाकी किरकोळ: निघताना चार्ज निम्म्याच्या वर. टॅक्सीचा नंबर बसण्याआधी घरी, पायलटच्या (भाड्याने नेणाऱ्या दुचाकीवाल्याच्या) बाइकचाही. महिला हेल्पलाइन १८१, रेल्वेत १३९, फोटो-पैशांवरून कुणी ऑनलाइन छळलं तर १९३०.

शेवटी कागद. फोनच हिसकावला तर काय, हे आम्हाला सगळ्यात उशिरा सुचलं. ओळखपत्राच्या मागे दोन नंबर लिहून सरकवले आणि तिला पाठ करायला लावले. वीस वर्षांच्या मुलीला आईचा नंबर येत नव्हता! आता येतो. माझे शेवटचे दोन आकडे मात्र अजून उलटे सांगते.