फवारणीआधी बोंड फोडून बघा: कपाशीतील किडींची पाहणी आणि बंदोबस्त

कपाशीवर किडी असणारच. त्या किती आहेत, वाढताहेत की थांबल्यात आणि त्यांना खाणारे मित्रकीटक शेतात आहेत का, हे कळले की पंप काढायचा की नाही ते ठरवता येते. त्यासाठी आठवड्यातून एकदा सकाळी ऊन चढण्याआधी शेतात फिरा. बांधालगतच्या ओळी सोडून नागमोडी चालत एकरी २० झाडे घ्या. झाड निवडून घेऊ नका, पाय थांबेल तेच झाड बघा. वरचे, मधले आणि खालचे अशी तीन पाने हळूच उलटा. झटका बसला की पांढरी माशी उडते आणि मोजणी कमी भरते.

सरासरीने पानामागे २ ते ३ तुडतुडे, १० मावा, १० फुलकिडे किंवा ८ ते १० पांढऱ्या माश्या भरल्या, तरच फवारणीचा विचार करा. ढालकिडा (लेडीबर्ड भुंगेरा), क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाच्या अळ्या आणि जाळी विणणारे कोळी हे मित्रही त्याच फेरीत मोजून लिहून ठेवा. मावा या फवारणीच्या पातळीपर्यंत पोहोचला, पण झाडोझाडी ढालकिडे दिसत असतील तर चार दिवस थांबून पुन्हा मोजा. बऱ्याचदा मावा तेवढ्यात ओसरलेला असतो.

पानाच्या कडा पिवळ्या, मग लालसर होऊन खाली वळत असतील तर तुडतुड्यांचा संशय घ्या. मात्र मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडले तरी कपाशी लाल पडते. पानाखाली तिरकी पळणारी फिकट हिरवी पिले किंवा त्यांच्या पांढुरक्या काती नसतील, तर कीटकनाशक मारून काहीच हाती लागणार नाही. उलट नत्र जादा झालेल्या लुसलुशीत कपाशीवर तुडतुडे जोरात वाढतात, म्हणून युरिया हप्त्याहप्त्याने द्या.

पहिले ६० दिवस शक्यतो निंबोळी अर्कावर भागवा. ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून २०० ग्रॅम साबणाचा चुरा मिसळा आणि एकूण द्रावण १०० लिटर करा. तयार अर्क त्याच दिवशी, दुपार टळल्यावर फवारा. तुडतुड्यांची संख्या तरीही पातळीवर गेली तर फ्लोनिकामिड ५० टक्के एकरी ६० ग्रॅम वापरता येते. या काळात सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले औषध मुळीच नको. त्याने मित्रकीटक मरतात आणि मागून पांढरी माशी उसळते.

खरी कसोटी गुलाबी बोंडअळीची, कारण ती बाहेरून दिसतच नाही. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात पातीत (फुलाच्या कळीत), फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते, आणि बोंड वाढते तसे तिने पाडलेले छिद्र बुजून जाते. वरून हिरवेगार, टणक दिसणारे बोंड आतून पोखरलेले असते ते यामुळेच. बीटी वाण (बोंडअळीला मारणारे जिवाणूचे जनुक घातलेले वाण) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. भारतात या अळीने दोन जनुकांच्या बीटीलाही दाद देणे बंद केले आहे.

पाती लागताच एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) पिकाच्या शेंड्याच्या थोडे वर लावा. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, गुलाबी बोंडअळीचेच आहे ना ते बघा, दुसऱ्या किडीचे ल्यूर त्याच सापळ्यात टाकू नका आणि मुदत संपताच बदला. सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यामागे ८ किंवा जास्त पतंग सापडले तर पातळी ओलांडली समजा. फुले लागली की डोमकळ्या, म्हणजे पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेली फुले, अळीसकट तोडून नष्ट करा.

पुढे दर आठवड्याला वेगवेगळ्या २० झाडांवरून प्रत्येकी एक हिरवे बोंड तोडा. दोन-तीन आठवड्यांचे, बोटाने दाबल्यावर किंचित दबणारे बोंड घ्या. ते फोडून सालीच्या आतल्या बाजूला बारीक फोड किंवा बोगदा आहे का, सरकीपाशी काळ्या डोक्याची पांढरी अळी आहे का ते बघा. मोठ्या अळीवर गुलाबी पट्टे येतात, पण तोवर सरकी पोखरली गेलेली असते. २० पैकी २ बोंडे किडकी निघाली म्हणजे प्रादुर्भाव १० टक्के, आणि हीच फवारणीची वेळ.

एमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के १० लिटर पाण्यात ४ ग्रॅम या प्रमाणात फवारा. आत शिरलेल्या अळीला औषध लागत नाही, नव्याने शिरू पाहणारी अळीच मरते. म्हणून आठवड्याने पुन्हा बोंडे फोडा आणि गरज भासल्यास दुसऱ्या गटाचे औषध घ्या. दोन-तीन कीटकनाशके एकत्र करू नका. फवारणी लांबली की तीच किडकी बोंडे पुढे अर्धवट उमलून कवडीचा, म्हणजे डागाळलेला निकस कापूस देतात.

उंच, दाट कपाशीत औषध अंगावर येते, म्हणून वाऱ्याकडे पाठ करून, अंगभर कपडे, हातमोजे, चष्मा आणि मास्क घालूनच शिरा. पंप गळत असेल तर त्या दिवशी फवारणी नको. मळमळ, डोळ्यांची आग किंवा चक्कर आल्यास लगेच थांबा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा घेऊन दवाखाना गाठा.

वेचणी संपली की फरदड घेऊ नका, म्हणजे तेच पीक पुढे शेतात ठेवून पुन्हा कापूस घेऊ नका. सुप्त अळी न उमललेल्या बोंडांत आणि सरकीत तग धरते. पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) उपटून त्यांचे तुकडे करा, बांधावर रचू नका आणि किडका कापूस चांगल्या कापसासोबत साठवू नका.