सिमिली, मेटाफर अन् दोन मार्कांचं उत्तर: गावाकडल्या दहावीच्या पोरापोरींसाठी

दहावीच्या इंग्रजीत कवितेचं अ‍ॅप्रिसिएशन, म्हणजे रसग्रहण, ५ मार्कांचं असते अन् आपल्याइकडले पोट्टे नेमकं तेच सोडून देतात, काऊन तं म्हणे फिगर ऑफ स्पीच, म्हणजे अलंकार, समजत नाही. समजते रे बाप्पा, घरी रोज कानावर पडते ते. "पोरगं वाळून काडीसारखं झालं" हे सिमिली. "हा तं निरा बैल आहे" हे मेटाफर, इथं सारखा-बिरखा काही नाही, सरळ बैलच करून टाकला त्याले. मराठीच्या व्याकरणात उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती, अनुप्रास शिकलेच आहात, तेच इथं सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, हायपर्बली अन् अलिटरेशन म्हणून येते.

आता फसतात कुठं ते पाहा. लाईक नाहीतर अ‍ॅज दिसला की लगेच सिमिली लिहू नका. माझ्याकडं संध्याकाळी शिकायले येणाऱ्या एका पोरीनं "अ‍ॅज इट वॉज रेनिंग, वी रॅन होम" याले सिमिली लिहिलं. मी एवढंच विचारलं, तुलना कोणाची कोणाशी? ती वहीकडं पाहत राहिली अन् मग स्वतःच खोडलं, कारण तिथं अ‍ॅज म्हणजे 'पाऊस येत होता म्हणून', तुलना कुठंच नाही. "आय लाईक मँगोज" मधला लाईक तं निव्वळ आवडणं आहे.

अलिटरेशन डोळ्यानं नाही, कानानं पकडायचं. किंग अन् कॅट, स्पेलिंगचं पहिलं अक्षर वेगळं पण आवाज एकच, म्हणून चालते. किंग अन् नाईफ, दोन्हीचं स्पेलिंग के पासून, तरी चालत नाही, कारण नाईफचा के बोलल्याच जात नाही. राइम स्कीमचंही, म्हणजे कोणत्या ओळीचं यमक कोणत्या ओळीशी जुळते त्याचंही, तसंच, ओळीचा शेवटचा शब्द मोठ्यानं म्हणून पाहा, ब्लू अन् थ्रू जुळते, कम अन् होम लिहिताना सारखे दिसतात पण जुळत नाही. पहिल्या आवाजाले ए, नवा आला की बी, असं खाली उतरत जा. यमकही नाही अन् ठरलेली लयही नाही तं ते फ्री व्हर्स.

अन् थीम म्हणजे विषय नाही. 'पाऊस' हा विषय झाला, 'वाट पाहणाऱ्यालेच पावसाची किंमत कळते' ही थीम, म्हणजे थीम पूर्ण वाक्यात सांगता आली पाहिजे. हिलेच २ मार्क असतात, म्हणून इथं घाई करू नका.

आता उत्तर लिहिणं, मले सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे. समजा उताऱ्यात असं आहे की शेतकरी धुऱ्यावर उभा आहे, पेरणी झाली, पाऊस नाही, तो आभाळाकडं पाहतो अन् बियाण्याची रिकामी थैली नीट घडी करून खिशात ठेवतो. प्रश्न: हाउ डझ द फार्मर फील? बहुतेक जण लिहितात "ही इज सॅड" अन् पुढच्या प्रश्नावर. अरे पण थैलीचं काय? फेकली असती तं निराशा म्हटलं असतं, त्यानं तं ती घडी करून जपली. म्हणून असं लिहा: "द फार्मर फील्स वरीड, बट ही स्टिल हॅज होप. ही फोल्ड्स द एम्प्टी बॅग अँड कीप्स इट. धिस शोज दॅट ही वॉन्ट्स टू यूज इट अगेन." पहिल्या वाक्यात प्रश्नातलेच शब्द उचलून थेट उत्तर, दुसऱ्यात उताऱ्यातला पुरावा, तिसऱ्यात त्या पुराव्यातून काय कळते ते. दोन मार्काले एवढं पुरते, पानभर लिहून वेळ घालवू नका, अन् पूर्ण उतारा तं अजिबात उतरवू नका, तपासणाऱ्याले तुमचं उत्तर त्यातून शोधत बसावं लागते.

फिगर ऑफ स्पीच लिहितानाही हेच, नुसतं नाव टाकून सोडू नका. "द विंड वॉज क्रायिंग" असं असलं तं पर्सॉनिफिकेशन लिहून पुढं जोडा की रडणं माणसाचं काम, ते वाऱ्याले दिलं.

अन् पेन उचलायच्या आधी प्रश्नातला पहिला शब्द बोटानं दाबून वाचा. व्हाय असलं तं उत्तरात कारण आलंच पाहिजे, जसं बिकॉज लावून, डिड असलं तं क्रियापद भूतकाळात.