पेट्रोल महागले की घरखर्चाचा हिशेब कुठे बिघडतो? या चुका टाळा

बहुतेक घरांच्या खर्चाच्या वहीत इंधनासाठी एकच ओळ असते: पेट्रोल, ३,३०० रुपये. गेल्या वर्षी त्याच जागी २,६०० लिहिलेले असते, म्हणून घरातले सगळे महागाईला बोल लावतात आणि वही मिटतात. चूक त्या एका ओळीतच आहे. पेट्रोल १०० रुपयांवरून १०६ रुपयांवर गेले असे धरले, तर पूर्वी २,६०० रुपयांत येणाऱ्या २६ लिटरना आता २,७५६ रुपये पडायला हवेत. म्हणजे दरवाढीचा वाटा १५६ रुपयांचा झाला. उरलेले साडेपाचशेच्या आसपास रुपये जास्तीच्या पाच लिटरचे आहेत. ते पाच लिटर मुलाच्या नव्या क्लासच्या फेऱ्यांत गेले, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही गाडी काढण्यात गेले की गाडीचे ॲव्हरेज उतरल्यामुळे गेले, हे रुपयांत लिहिलेल्या वहीतून कधीच कळत नाही. दर आपल्या हातात नसतो. ते पाच लिटर मात्र असतात.

म्हणून वहीत रुपयांच्या शेजारी लिटर आणि मीटरवरचे किलोमीटर लिहावेत. यासाठी ‘दोनशेचे टाका’ ही सवय आधी सोडावी लागते. मी स्वतः कित्येक वर्षे दोनशे-दोनशे रुपयांचेच पेट्रोल टाकत आलो, आणि त्यामुळे दर वाढला तरी खर्च वाढल्यासारखा वाटत नसे, कारण पंपावर मोजायची रक्कम तीच राहत असे. फक्त पंपावर जाण्याचे दिवस जवळ येत गेले आणि ते माझ्या लक्षात यायला पुष्कळ उशीर झाला. टाकी एकदा पूर्ण भरावी, मीटरचा आकडा लिहावा, पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरावी आणि मधल्या किलोमीटरना त्या खेपेच्या लिटरने भागावे. अशा तीन खेपा झाल्या की गाडीचे खरे ॲव्हरेज समोर येते. दरही आपल्या पंपावरचाच धरावा. बातम्यांत ऐकलेला मुंबईचा दर परभणीच्या माणसाच्या उपयोगाचा नाही, कारण डेपोपासूनच्या वाहतुकीमुळे तिथे पेट्रोल नेहमीच मुंबईपेक्षा महाग पडत आले आहे.

ॲव्हरेज उतरले, तर दोष शोधण्याचा क्रम

इथे लोक क्रम उलटा लावतात: आधी पंपवाल्यावर संशय, मग पेट्रोलमधल्या इथेनॉलवर आणि सर्वांत शेवटी टायरमधल्या हवेवर. सुरुवात हवेपासून करावी. हवा थंड टायरमध्ये मोजायची असते. दहा किलोमीटर चालवून आल्यावर मोजलेला आकडा जास्त दिसतो आणि कमी हवेचे टायरही ठीक आहेत असे वाटते. पंपावर हवा मोफत मिळते, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी ती तपासायला पैसे लागत नाहीत. त्यानंतर गाडी मधल्या स्टँडवर लावून चाक हाताने फिरवून पाहावे. ते लगेच अडकत असेल तर ब्रेक घासतो आहे, आणि अशी गाडी चालवणे म्हणजे ब्रेक दाबून चालवण्यासारखेच आहे. मग एअर फिल्टर, आणि मग चालवण्याची पद्धत. इंधन बचतीचा प्रचार करणारी केंद्र सरकारची पीसीआरए ही संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सर्वांत किफायतशीर मानते. अर्धवट दाबलेला क्लच आणि सिग्नलला चालू ठेवलेले इंजिन यांचा खर्च रोज थोडाथोडाच असतो, म्हणून तो कोणाच्या नजरेत भरत नाही.

इथेनॉलची तक्रार निराधार नाही, पण तिलाही माप आहे. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणाला जुळवून घेतलेल्या गाड्यांची कार्यक्षमता वीस टक्के मिश्रणावर चारचाकींत ६ ते ७ टक्क्यांनी आणि दुचाकींत ३ ते ४ टक्क्यांनी उतरेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दिला होता. तेव्हा ५० चे ॲव्हरेज देणारी दुचाकी ४८ वर आली तर इथेनॉलकडे बोट दाखवता येईल. ती ४२ वर आली असेल, तर मेकॅनिककडेच जायला हवे.

पंपावर माप कमी मिळते असा संशय असल्यास घरी येऊन चिडचिड करण्यात अर्थ नाही. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप ठेवावे लागते आणि ग्राहकाने मागितल्यास त्यात पेट्रोल मोजून दाखवावे लागते. शंभरऐवजी एकशे दहाचे टाकले की फसवणूक टळते, पहाटे भरले की पेट्रोल जास्त येते, या समजुती मात्र सोडून द्याव्यात. टाक्या जमिनीखाली असल्यामुळे आतले तापमान दिवसभरात फारसे हलत नाही, आणि पेट्रोल एका अंशाला जेमतेम एक सहस्रांश प्रसरण पावते. पहाटे पंपापर्यंत खास चक्कर मारली तर उलट तोटाच व्हायचा.

‘डिझेल वाढले’ हे उत्तर तपासून न पाहणे

भाजी किलोमागे दहा रुपयांनी वाढली की विक्रेता डिझेलचे नाव घेतो आणि आपणही मान डोलावतो. इथे एकदा बेरीज-वजाबाकी करून पाहावी. दहा टन कांदा घेऊन नाशिक जिल्ह्यातून वाशीच्या बाजारात जाणारा ट्रक जाऊन-येऊन साधारण ३५० किलोमीटर चालतो. लिटरला चार किलोमीटर धरले तर त्याला ८८ लिटर डिझेल लागते. डिझेल पाच रुपयांनी वाढले तर त्या फेरीचा खर्च ४४० रुपयांनी वाढतो आणि तो दहा हजार किलोंवर वाटला की किलोला साडेचार पैसेही पडत नाहीत. दीड टनाचा टेम्पो धरला, तरी वाढ बारा पैशांच्या आसपास राहते. डिझेलचा बोजा याहून मोठा असतो हे खरे, कारण नांगरट, पेरणी, मळणी आणि बाजार समितीपासून गल्लीपर्यंतची शेवटची वाहतूक यांतही तो भरतो. पण हा बोजा हंगामागणिक हळूहळू चढतो. एका आठवड्यात दहा रुपयांची उडी बहुधा आवक घटल्याची, पावसाची किंवा साठ्याची असते. ती ओसरते. म्हणून अशा आठवड्यात ‘आता सगळेच महाग झाले’ म्हणून महिन्याचा आराखडा बदलण्याऐवजी टोमॅटोच्या जागी चिंच-आमसूल वापरून आठवडा काढणे अधिक शहाणपणाचे ठरते.

याच्या अगदी उलट स्वभाव प्रवासभाड्यांचा असतो. ती उशिरा वाढतात, एकदम वाढतात आणि मागे येत नाहीत. एसटीचे भाडे ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्क्यांनी वाढले आणि त्यानंतर थेट २५ जानेवारी २०२५ ला १४.९५ टक्क्यांनी. मुंबईत रिक्षाचे किमान भाडे ऑक्टोबर २०२२ मध्ये २१ वरून २३ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २६ रुपये झाले. या दोन तारखांच्या मध्ये पेट्रोलचा दर स्थिर होता आणि नंतर थोडा उतरलाही. पण मुंबईतली रिक्षा सीएनजीवर चालते आणि तिच्या भाड्यात गाडीची किंमत, विमा, दुरुस्ती असे सगळेच धरलेले असते. पेट्रोलच्या पाटीकडे पाहून रिक्षाचा अंदाज बांधणारे घर प्रत्येक भाडेवाढीला नव्याने दचकते. शाळेच्या व्हॅनचे तसेच आहे. व्हॅनवाले काका वर्षभर गप्प असतात आणि जूनमध्ये वर्षाची सगळी वाढ एकदम सांगतात, म्हणून जानेवारीपासूनच दरमहा थोडी रक्कम त्यासाठी बाजूला काढलेली बरी.

भाडी वाढली म्हणून ओरडणाऱ्या घरांत हक्काच्या सवलती न वापरणारेही पुष्कळ असतात. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे; ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत आहे. तालुक्याच्या गावी दोघी-तिघी मिळून जाणार असतील तर गाडी काढण्याआधी हा हिशेब व्हायला हवा.

गॅस वाचवण्यासाठी इंडक्शन घेणे

सिलिंडर महागला की इंडक्शनची शेगडी घरात येते, आणि दोन महिन्यांनी विजेचे बिल आल्यावर ती माळ्यावर जाते. १४.२ किलो गॅसमध्ये सुमारे १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. साध्या शेगडीवर त्यातली दोन तृतीयांशाच्या आसपास भांड्यापर्यंत पोहोचते. इंडक्शन अधिक कार्यक्षम असले तरी तेवढाच स्वयंपाक करायला त्याला अंदाजे १४० युनिट लागतील. मुंबईत एप्रिल २०२५ मध्ये झालेला साडेआठशे रुपयांचा दर धरला, तर विजेचा युनिट सर्व आकारांसह सहा रुपयांच्या आत पडला तरच इंडक्शन परवडते. महावितरणच्या दरपत्रकात शंभर युनिटांनंतरचा टप्पा बराच महाग आहे, आणि इंडक्शनचे युनिट नेमके त्याच टप्प्यात जाऊन पडतात. छतावर सौर पॅनेल असलेल्यांचा हिशेब अर्थात वेगळा.

सिलिंडर लवकर संपतो अशी तक्रार असेल तर तो घरात घेतानाच वजन करून मागावा. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या कड्याजवळ लिहिलेले असते, त्यात १४.२ मिळवले की भरलेल्याचे वजन येते, आणि काटा आणणे हे पोहोचवणाऱ्याचेच काम आहे. ज्योत पिवळी पडली असेल किंवा भांड्यांची बुडे काळी होत असतील, तर बर्नरची भोके तुंबलेली आहेत. डाळ-तांदूळ अर्धा तास आधी भिजवणे आणि भांड्यावर झाकण ठेवणे आपल्या आजीला ठाऊक होते. त्यावर अधिक लिहायला नको. आणि सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी, नाहीतर ‘लवकर संपतो’ हा नुसता भास आहे की खरे, हेच ठरत नाही.

घाईघाईने गाडी किंवा घर बदलणे

पेट्रोलने शंभरी गाठली की सीएनजीच्या शोरूममध्ये गर्दी होते. सीएनजीवर किलोमीटरमागे तीन रुपये वाचतात असे धरू, आणि त्या गाडीला ९० हजार रुपये जास्त मोजावे लागले असेही धरू. महिन्याला १,५०० किलोमीटर चालणाऱ्याचे पैसे वीस महिन्यांत वसूल होतात. फक्त रविवारी गाडी काढून ४०० किलोमीटर चालवणाऱ्याला त्यासाठी सव्वासहा वर्षे लागतात, आणि त्यावर कर्जाचे व्याज, दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी, डिकीतली गेलेली जागा व पंपावरची रांग. दुसऱ्या माणसाला ती परवडते, कारण तो दुप्पट-तिप्पट चालवतो, हे शेजाऱ्याचे पाहून गाडी बदलणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

घराचा निर्णय याहून महागात पडतो. पुण्यात भाडे चार हजारांनी कमी म्हणून कामाच्या जागेपासून रोज ३० किलोमीटर वाढतील अशा ठिकाणी राहायला गेले, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत ७५० किलोमीटर वाढतात. ४५ चे ॲव्हरेज आणि १०४ रुपये दर धरला तर एका दुचाकीला सव्वासतराशे रुपये लागतात. नवरा-बायको दोघे दोन दिशांना नोकरीला जात असतील तर चार हजारांतले साडेतीन हजार पेट्रोलमध्येच जातात, आणि टायर, सर्व्हिसिंग व रोजचा एक-दीड तास वेगळाच. मुंबईत बदलापूर किंवा विरारला जाणाऱ्याचे गणित वेगळे, कारण लोकलचा मासिक पास पेट्रोलच्या पाटीबरोबर हलत नाही. त्याचा खर्च अडकतो तो स्टेशन ते घर या शेअर रिक्षात. घर बघायला जाताना स्टेशनपासूनचे अंतर पायी मोजावे.

पैसे कुठून वाचवायचे यातही चूक होते. सर्व्हिसिंग पुढे ढकलणे, विमा चुकवणे आणि फळे-दूध कमी करणे या तीन काटछाटी सर्वांत आधी सुचतात. पहिलीमुळे ॲव्हरेज आणखी उतरते, दुसरी बेकायदा आहे, आणि तिसरी मुलांच्या ताटातून होते.

दर उतरण्याची वाट पाहणे

१६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहाला दर बदलण्याची पद्धत आली, त्यामुळे कच्चे तेल उतरले की आपल्यालाही लगेच दिलासा मिळेल असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात कच्चे तेल, केंद्राचे लिटरमागे ठरलेले उत्पादन शुल्क, राज्याचा व्हॅट आणि कंपन्यांचे नफा-तोटे यांच्यामध्ये तो दिलासा अडकून पडतो. भारताला पडणारे कच्चे तेल जून २०२२ मध्ये बॅरलमागे ११० डॉलरच्या वर होते आणि मार्च २०२३ मध्ये ८० डॉलरच्या खाली आले होते. मुंबईच्या पंपावर मात्र जुलै २०२२ च्या व्हॅट कपातीनंतर लागलेला १०६ रुपये ३१ पैशांचा दर वीस महिने तसाच होता. १५ मार्च २०२४ ला तो दोन रुपयांच्या आसपास उतरला. महिन्याला २६ लिटर जाळणाऱ्या घराला त्यातून साधारण ५२ रुपये मिळाले.